आधी ब्रेक, मग इंजिन

गाडीचे इंजिन बदलले असे कोणी सांगितले, की पहिला प्रश्न येतो ॲव्हरेजचा, दुसरा पिकअपचा आणि तिसरा खर्चाचा. चढावर कशी ओढते, दुसऱ्या गिअरवर कुठवर जाते, आवाज किती करते, हेही विचारून होते. ब्रेकचे काय केले, हे सहसा कोणी विचारत नाही. विकत घेणारा विचारत नाही, शेजारी बसणारा विचारत नाही, आणि गाडीची सरकारी ओळख ज्या आरसी बुकात असते त्यातही ब्रेकला जागा नाही. तिथे इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, इंधन, सीसी आणि रिकाम्या गाडीचे वजन असते. गाडी किती अंतरात थांबते, ते नसते.

हा क्रम मला धोक्याचा वाटतो. ज्याला यंत्राची ताकद बदलायची आहे त्याने ते यंत्र थांबते हे आधी सिद्ध करावे, आणि कायद्यानेही त्याच्याकडून तोच पुरावा मागावा, असे माझे म्हणणे आहे. आज कायदा बहुतेक बदलांना सरसकट नाही म्हणतो. त्यामुळे बदल व्हायचे थांबत नाहीत, तपासणी तेवढी चुकते. शिवाय भोपाळमध्ये राहणाऱ्याला ताकद आणि आवर यांच्या हिशेबाकडे केवळ मोटारीपुरते पाहून चालत नाही. त्याकडे पुढे येतो. आधी गॅरेजमध्ये शिरू.

इंजिन बदलणे आपल्याकडे नवे नाही आणि निव्वळ हौसेचेही नाही. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते त्या काळात विदर्भापासून माळव्यापर्यंत कितीतरी पेट्रोल जीप आणि ॲम्बेसेडर गाड्यांच्या बॉनेटखाली डिझेल इंजिने आली. खुद्द कारखानदारही हेच करत होते. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या ॲम्बेसेडरमध्ये हिंदुस्थान मोटर्सने नव्वदच्या दशकात इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन बसवले. प्रीमियरने फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचे इंजिन घालून ११८ एनई ही गाडी काढली. आता तीच गोष्ट विजेच्या रूपाने परत आली आहे. २०२४ मध्ये भारतीय लष्कराने विजेवर चालणारी केलेली मारुती जिप्सी दाखवली. तिची चासी जुनी होती, चालवणारी शक्ती नवी. जुनी गाडी भंगारात काढण्यापेक्षा तिचे हृदय बदलून ती आणखी दहा वर्षे चालवावी, हा विचार काटकसरीचा आहे आणि पर्यावरणाच्याही हिताचा आहे. त्याला माझा विरोध नाही.

फरक एवढाच, की कारखान्याकडे ट्रॅक असतो, मोजमापाची साधने असतात, ब्रेकवर काम करणारा वेगळा विभाग असतो. गल्लीतल्या गॅरेजकडे हात असतात, अनुभव असतो आणि गिऱ्हाईकाने दिलेली मुदत असते. इंजिन बसले, गिअरबॉक्स जुळला, सायलेन्सर वळवून घेतला, स्टार्टर मारला की पहिल्याच खेपेला गाडी सुरू झाली, आणि सगळ्यांना काम फत्ते झाल्यासारखे वाटते. खरे काम तिथून पुढे असते.

ब्रेक हा चाकापाशी असलेला, इंजिनाशी संबंध नसलेला भाग आहे, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे, आणि हे बूस्टरपाशी सर्वांत स्पष्ट दिसते. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल मिटला की सिलिंडर हवा ओढू पाहतात, हवा पुरेशी मिळत नाही, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या पोटातल्या डायफ्रॅमच्या एका अंगाला व्हॅक्यूम आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा असते. आठ इंची बूस्टरमध्ये डायफ्रॅमचे क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरते. दर चौरस सेंटीमीटरला सहा-सातशे ग्रॅमचा फरक धरला, तरी आपल्या पायाच्या मदतीला जवळपास दोनशे किलोचा जोर उभा राहतो. ही मदत इतकी सवयीची झालेली असते, की ती आहे हेही आपल्याला जाणवत नाही.

डिझेल इंजिनाचे तसे नसते. बहुतेक डिझेल इंजिनांत हवा अडवणारा थ्रॉटल नसल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलची बारीक नळी जाते. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन घातले आणि हा पंप राहून गेला, किंवा पंप आला पण होजपाइप जुना, चिरलेलाच ठेवला, तर बूस्टर जागेवर दिसतो, काम मात्र करत नाही. पट्टा तुटला की चार्जिंग जाते आणि त्याच क्षणी ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही थांबतो. बूस्टरमधला एकतर्फी व्हॉल्व्ह साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पॅडल दाबू देतो, त्यापुढे पायाखाली दगड लागावा तसे पॅडल घट्ट होते. विजेच्या मोटारीत तर व्हॅक्यूमचा पत्ताच नसतो. तिथे विजेवर चालणारा पंप बसवावा लागतो आणि तो बंद पडला तर चालकाला ताबडतोब कळेल अशी सोयही करावी लागते.

याची परीक्षा कोणालाही करता येते, त्यासाठी यंत्र लागत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक पॅडल चार-पाच वेळा दाबावे, घट्ट होईपर्यंत. मग पाय पॅडलवर तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. बूस्टर चालत असेल तर पॅडल पायाखाली थोडेसे खाली बसते. ते जागचे हलले नाही, तर व्हॅक्यूम पोचत नाही. आणि ते हळूहळू थेट तळापर्यंतच जात राहिले, तर मास्टर सिलिंडरचे सील गेलेले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. इंजिन बदललेली गाडी घेताना ही परीक्षा करायला एक मिनिटही लागत नाही. तरी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकणारे दहा असतात आणि पॅडलवर पाय ठेवून थांबणारा एखादाच.

बूस्टरनंतर वजन आणि वेग. हजार किलोच्या गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटरवरून ९० झाला, तर वेग दीडपट होतो, पण तिच्यातली गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. ९० च्या वेगाने जाणारी ही गाडी एकदा पूर्ण थांबवली, तर जी उष्णता निघते तिच्यात एक लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता चार ड्रमांत किंवा डिस्कमध्ये, काही सेकंदांत मुरवायची असते. आणि ती एकदाच नव्हे. घाट उतरताना वळणावळणावर पुन्हा तेच होते. ज्या ड्रमचा आकार, लायनरची रुंदी आणि हवा लागण्याची सोय जुन्या, कमी ताकदीच्या इंजिनाला धरून ठरवलेली होती, त्यांच्यावर हा नवा बोजा येतो. लायनर तापून गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइल तापते. डॉट ३ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्याने हवेतला ओलावा शोषला की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळून नळीत वाफ झाली की पॅडल दाबल्यावर वाफ दबते, चाकापर्यंत जोर पोचत नाही. भोपाळच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षे न बदललेल्या ऑइलमध्ये किती ओलावा गेलेला असेल, याचा विचार करावा. त्यातच नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डला जागा करण्यासाठी ब्रेकची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून वळवली, तर उरलेसुरले अंतरही संपते.

डिझेल इंजिन बहुधा अधिक जड असते, आणि ते वजन पुढच्या एक्सलवर येते. ब्रेक मारला की गाडीचा भार आणखी पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. पुढे-मागे ब्रेकचा जोर किती वाटायचा, हे मूळ गाडीत ठरवून दिलेले असते. भार बदलला की हे गणित बिघडते. मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी सरळ न थांबता फिरते, आणि फिरलेल्या गाडीला सावरणे चालकाला सहसा जमत नाही. सीएनजी कीट बसवताना याच्या उलट होते. डिकीत सिलिंडर येतो, भार मागे जातो, पण ब्रेकची वाटणी जुनीच राहते.

‘ब्रेकही मोठे घातले की झाले’, असे यावर कोणी म्हणेल. इथेच दुसरी चूक होते. पॅडल, बूस्टर, मास्टर सिलिंडर, नळ्या, व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर, लायनर किंवा पॅड आणि शेवटी टायर, ही एक साखळी आहे. सात-अष्टमांश इंच बोअरच्या मास्टर सिलिंडरच्या जागी एक इंचाचा घातला, तर फरक सूतभराचा दिसतो, पण पिस्टनचे क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच दाब मिळवायला पायाला तीस टक्के अधिक जोर लावावा लागतो. पॅडल घट्ट लागते म्हणून मालक खूश होतो, आणि आणीबाणीच्या वेळी त्याच्या घरातल्या हलक्या अंगाच्या माणसाचा पाय कमी पडतो. उलट कॅलिपर मोठा घेतला आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर पॅडल खोल जाते. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो, म्हणजे एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. तिथे दोन सर्किटांचा सिलिंडर बसवणे ही नव्या इंजिनाच्या आधीची पायरी मानायला हवी. नव्या गाड्यांत आणखी एक गुंता असतो. त्यांतला एबीएसचा संगणक इंजिनाच्या संगणकाशी बोलत असतो. परके इंजिन आले की हे बोलणे तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा पेटतो. तो दिवा विझवायचे दोन मार्ग आहेत, दोष काढणे किंवा बल्ब काढणे. दुसरा स्वस्त पडतो, म्हणून तो अधिक घातक आहे.

भोपाळहून दोनशे किलोमीटरवर पचमढी आहे. तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी गाड्यांवर अनेक कुटुंबांचे पोट चालते. धूपगड हे सातपुड्यातले सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३५० मीटर उंचीचे. सूर्यास्त पाहून झाला की गाड्या एकामागून एक अंधारात खाली उतरू लागतात. तिथला अनुभवी चालक ब्रेकवर पाय ठेवून उतरत नाही. तो खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आवरावर उतरतो आणि ब्रेक वळणापुरता राखून ठेवतो. हा आवर पेट्रोल इंजिनात मिटलेल्या थ्रॉटलमुळे चांगला मिळतो. डिझेलमध्ये ती गळचेपी नसते, म्हणूनच ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक द्यावा लागतो. विजेच्या मोटारीत मोटारच उलट जनित्र होऊन गाडी आवरते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात वीज साठवायला जागा नसते आणि हा आवर कमी होतो. म्हणजे डोंगरमाथ्यावर बॅटरी भरून घेतली, तर नेमकी पुढच्या उतारावर ती मदत मिळणार नाही. इंजिन बदलले की उतारावरच्या चालकाने वर्षानुवर्षे कमावलेली सवयही बदलावी लागते, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

आवर आधी पाहावा, हा विचार मोटारींच्याही आधीचा आहे, आणि तो माणसांच्या जिवाच्या मोलाने शिकला गेला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ सहलीला निघालेली, मुलांनी भरलेली आगगाडी चढावर अडकली. भार इंजिनाला झेपेना. म्हणून गाडी दोन भागांत तोडून आधी पुढचा भाग वर न्यायचे ठरले. त्या गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा. नळी जोडलेली असेल तोवरच तो चाले. डबे सुटे केले आणि त्यांचा ब्रेकही गेला. मागचा भाग उतारावरून घसरत मागून येणाऱ्या गाडीवर आदळला आणि ऐंशी माणसे मेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना सलग आणि स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. स्वयंचलित म्हणजे असा, की नळी तुटली, डबा सुटला, हवा गळाली, तर ब्रेक सुटण्याऐवजी लागतो. बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूने व्हावा, अशी ही रचना आहे. यंत्राच्या सुरक्षेविषयी याहून मोलाचे तत्त्व मला माहीत नाही. मोटारीतला बूस्टर तसा नाही. त्याची नळी तुटली की मदत जाते. म्हणूनच तो जोडणाऱ्याची जबाबदारी दुप्पट आहे.

आता भोपाळकडे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ई-६१० या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि झोपलेल्या शहरावर पसरला. हजारो माणसे मेली, लाखोंच्या देहात ती रात्र आजही आहे. त्या घटनेला मोटारीचे उदाहरण म्हणून वापरणे अनुचित होईल, आणि मी तसे करत नाही. उलट मोटारीकडे कसे पाहावे, हे मी त्या घटनेकडून शिकतो. हा कारखाना आधी बाहेरून आणलेल्या रसायनांपासून कीटकनाशके तयार करी. १९८० च्या सुमारास मिथाइल आयसोसायनेट इथेच बनू लागले. म्हणजे त्याच आवारात कितीतरी अधिक धोक्याची प्रक्रिया आली. तिला आवरणारी साधने कागदावर होती. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा होती, ती त्या रात्रीच्या काही महिने आधीपासून बंद होती. निसटलेला वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर होता, पण तो तयारीत नव्हता, आणि वायूच्या त्या लोंढ्यापुढे त्याची क्षमताही अपुरी होती, असे पुढच्या तांत्रिक विश्लेषणांतून दिसले. वायू जाळून टाकणारा मनोरा होता, त्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी सुटा केलेला होता. पाण्याचे फवारे होते, ते वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोचले नाहीत.

यातून मी तीन गोष्टी शिकतो. आवरणारी साधने आहेत एवढे पुरेसे नाही, ती चालू असली पाहिजेत. ती चालू असली तरी नव्या ताकदीच्या मापाची असली पाहिजेत. आणि ती त्या मापाची आहेत हे कोणीतरी भाराखाली तपासून पाहिले पाहिजे, कारण कागदावर सगळीच साधने पुरेशी असतात. खर्च कमी करायची वेळ आली की कात्री आधी या साधनांवर पडते, कारण ती रोज काही कमावून देत नाहीत. कारखान्याचे व्यवस्थापन आणि गॅरेजात ‘ब्रेकचे पुढच्या वेळी बघू’ म्हणणारा गाडीमालक यांची तुलना होऊ शकत नाही. पण मनाची ही सवय एकच आहे, आणि ती मोडायला कायदा लागतो.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणांत हे कलम स्पष्ट करून केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला आणि उत्पादकाच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत, असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दुसरीकडे बॅटरी, सीएनजी, एलपीजी अशा वेगळ्या इंधनासाठी मान्य कीट बसवायला त्याच कलमात वाट ठेवली आहे. विजेच्या कीटसाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था त्यांची तपासणी करतात.

या कायद्यामागचा हेतू योग्य आहे. रस्त्यावर चालणारी गाडी ही खासगी वस्तू असली तरी तिचा वेग खासगी नसतो, आणि समोरून येणाऱ्या सायकलस्वाराने कोणाच्या हौसेचा धोका का पत्करावा? पण कायद्याचा रोख गाडीच्या ओळखीवर आहे, तिच्या थांबण्यावर नाही. इंजिन नंबर जुळतो का, हे तो पाहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ब्रेकविषयी स्वतंत्र नियम आहे, तो नियम ९६. पण खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तेवढा काळ तिचे ब्रेक कोणत्याही यंत्रावर तपासले जाण्याची वेळ येत नाही. धुराची तपासणी मात्र नियमित होते. सायलेन्सरमधून काय बाहेर पडते याची काळजी करणाऱ्या व्यवस्थेने पॅडल दाबल्यावर काय होते याची तेवढी तरी काळजी करायला नको का?

सरसकट बंदीचा परिणाम काय होतो, हे ‘जुगाड’ गाड्यांनी दाखवून दिले आहे. पाणी उपसायचे डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून केलेल्या या गाड्या उत्तर भारतातल्या गावांत वर्षानुवर्षे माणसे वाहत होत्या. काहींच्या ब्रेकची अवस्था अशी, की उतारावर मदतनीस उडी मारून चाकाखाली लाकडाचा ठोकळा टाकी. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मोटार वाहनच आहे आणि त्याला कायदा लागू होतो, असे ठरवले. निर्णय बरोबर होता. पण त्यामागची गरज आदेशाने नाहीशी होत नाही. ज्याला नवी गाडी परवडत नाही तो जुनीच चालवत राहतो, आणि जे उघडपणे करता येत नाही ते तो रात्री करून घेतो. रात्री केलेल्या कामाला बिल नसते, बिल नसले की हमी नसते, आणि हमी नसली की ब्रेकचा प्रश्न विचारायचा कोणाला?

बंदी उठवली तर रस्त्यावर अनागोंदी माजेल, ही भीती मी समजू शकतो. म्हणून बंदी उठवा असे मी म्हणत नाही. परवानगीची वाट ब्रेकच्या तपासणीतून न्या, असे म्हणतो. ऑस्ट्रेलियात इंजिन बदलण्यासाठी राष्ट्रीय संहिता आहे. तिच्यात इंजिनाचे आणि ब्रेकचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि मोठा बदल असेल तर मान्यताप्राप्त अभियंत्याची सही लागते. कारागिराने काम करावे आणि अभियंत्याने मोजावे, एवढी साधी ही विभागणी आहे. तिच्यात कारागिराचा अपमान नाही. त्याच्या कौशल्याला त्यामुळे कागदोपत्री मान मिळतो.

हे आपल्याला जमणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. भोपाळपासून जवळच, नर्मदेकाठच्या बुधनी येथे ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांचे प्रशिक्षण देणारी व त्यांची तपासणी करणारी केंद्रीय संस्था १९५५ पासून आहे. ट्रॅक्टर किती ओढतो याबरोबरच तो कसा थांबतो, हेही तिथे पाहिले जाते. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचणीचे केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. भोपाळमध्येच मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, पॉलिटेक्निक आहे, गोविंदपुऱ्यात आयटीआय आहे. २०२१ पासून केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांची योजना आणली. तिथे चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेकचा जोर वेगवेगळा मोजता येतो. ज्ञान आहे, यंत्रे आहेत, ट्रॅकही आहे. गल्लीतल्या गॅरेजपासून तिथवर जाणारा रस्ता मात्र नाही, आणि तो बांधणे हे प्रशासनाचे काम आहे.

ती तपासणी कशी असावी? गाडी पूर्ण भारासह तपासावी, रिकामी नव्हे, कारण अपघात रिकाम्या गाडीची वाट पाहत नाहीत. ब्रेक गार असताना आणि लागोपाठ दहा वेळा दाबून तापवल्यावर, असे दोन्ही वेळा थांबण्याचे अंतर मोजावे. इंजिन बंद करून, बूस्टरच्या मदतीविना गाडी किती अंतरात थांबते, हेही मोजावे. दोन सर्किटांपैकी एक तोडून दुसऱ्यावर गाडी आवरते का, ते पाहावे. हँडब्रेकवर ती चढावर उभी राहते का, ते पाहावे. विजेच्या गाडीत मोटारीची आवरशक्ती बंद ठेवून हे सगळे पुन्हा करावे. आणि निकाल आरसी बुकात लिहावा, म्हणजे ती गाडी पुढे विकत घेणाऱ्यालाही तो दिसेल. या तपासणीची फी इंजिन बदलण्याच्या खर्चाच्या मानाने थोडी असावी, नाहीतर ती चुकवण्याचेच मार्ग शोधले जातील.

मिस्त्रींनीही ब्रेकचे काम वेगळे लावायला शिकावे. इंजिन बदलण्याचा अंदाज देताना मास्टर सिलिंडर, होजपाइप, ब्रेक ऑइल, लायनर आणि व्हॅक्यूम पंप हे त्याच कागदावर, इंजिनाच्या वर लिहावेत. गिऱ्हाईक म्हणेल, ‘ब्रेक लागतोय ना, मग राहू दे.’ तिथे नाही म्हणण्याचे धैर्य कारागिराला लागते, आणि ते एकट्याला परवडत नाही. समोरचा शेजारच्या गॅरेजमध्ये जाईल ही त्याची भीती खरी असते. नियम सर्वांना सारखा असेल तरच चांगल्या कारागिराला चांगले काम करणे परवडते. कायद्याने प्रामाणिक माणसाच्या पाठीशी उभे राहावे म्हणतात, त्याचा अर्थ माझ्या लेखी हाच आहे.

आपण ताकदीच्या प्रेमात पडलेला समाज आहोत. रस्ते रुंद झाले, इंजिने मोठी झाली, जाहिराती शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद मोजतात. प्रगती हवी, वेगही हवा. जुन्या गाडीला नवे इंजिन द्यायला, जुन्या कारखान्यात नवी प्रक्रिया आणायला, जुन्या शहरात नवी वाहने सोडायला कोणाची हरकत नसावी. पण शक्ती वाढवण्याचा अधिकार हा थांबण्याच्या क्षमतेवर उभा असतो. ती क्षमता मालकाच्या भरवशावर किंवा मिस्त्रीच्या शब्दावर सोडता येणार नाही. ती मोजलेली, नोंदलेली आणि कोणालाही पडताळून पाहता येईल अशी हवी. ज्या शहराने बंद पडलेल्या सुरक्षा यंत्रणांची किंमत मोजली, त्या शहराने ही मागणी इतरांच्या आधी करावी. परिवहन खात्याने इंजिन बदलाच्या अर्जात ब्रेकच्या चाचणीचा रकाना सर्वांत वर ठेवावा, आणि तो भरलेला नसेल तर बाकीचा अर्ज वाचूही नये.